खुब्याचं फ्रॅक्चर: पट्टी, रॉड की गोळा?

रेवती_मिरज
आत्या (वय ७८) परवा रात्री न्हाणीघरात घसरून पडली. उजवा पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलंय. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर' असं लिहिलंय. जिथे अॅडमिट केलंय तिथले डॉक्टर म्हणतात पट्टी-स्क्रू टाकू, म्हणजे डीएचएस. चुलतभावाने ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना फोटो पाठवला, ते म्हणतात रॉडच हवा, पीएफएन. शेजारच्या काकू सांगताहेत की त्यांच्या नणंदेचा खुब्याचा गोळा बदलला आणि ती दुसऱ्या दिवशी चालायला लागली, मग तुम्ही गोळाच का बदलत नाही?

घरात सरळ तीन पक्ष पडलेत. आत्याला मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे, पण पडेपर्यंत स्वतःची भाजी स्वतः आणत होती. खर्चाची तयारी आहे. उगाच महागडं नको आणि स्वस्तात जाऊन पुन्हा ऑपरेशनही नको. या तिन्हींत नेमका फरक काय? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहा, आणि इथे कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी जरूर लिहा.

सायली_दि
काळजी घ्या आत्यांची. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचतेय. आमच्याकडेही दोन ज्येष्ठ आहेत.

पेठेतला_माधव
माझ्या आईचा गोळा बदलला होता, ठाण्याला. अर्धाच बदलतात, बायपोलर म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली. आज स्वतःचा चहा स्वतः करते. माझं मत गोळ्याला.

अस्थितज्ज्ञ_वर्धा
रेवतीताई, पट्टी की रॉड, कुठल्या कंपनीचा, हे प्रश्न नंतरचे. आधी हाड कुठे मोडलं ते बघायचं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, त्याखाली मान, आणि मानेच्या बुडाशी दोन उंचवटे: बाहेरच्या बाजूला मोठा, आतल्या बाजूला लहान. यांनाच ट्रोकँटर म्हणतात. मान सांध्याच्या आवरणाच्या आत असते आणि गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या वाहिन्याही फाटतात. मग हाड जुळतच नाही, किंवा जुळलं तरी पुढे वर्ष-दोन वर्षांत गोळा रक्ताविना मरतो. म्हणून वयस्कर माणसाची मान मोडून सरकली असेल तर बहुतेक वेळा जोडत बसत नाहीत, गोळा बदलतात. माधवरावांच्या आईंचं आणि तुमच्या काकूंच्या नणंदेचं बहुधा हेच झालं असणार.

तुमच्या आत्याचं हाड दोन उंचवट्यांच्या मधे मोडलंय. तिथे रक्तपुरवठा भरपूर. ते हाड नुसतं अंथरुणावर पडून राहिलं तरी जुळतं, पण आखूड आणि वाकडं जुळतं. आणि तोवर न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या यातलं काहीतरी माणसाला घेऊन जातं. तेव्हा इथे ऑपरेशन करायचं ते हाड जुळेपर्यंत जागेवर धरून ठेवायला, म्हणजे पेशंटला लगेच उभं करता येतं. गोळा बदलण्याचं कारण इथे सहसा नसतं. हाडांचा अगदीच भुगा झाला असेल, सांधा आधीपासूनच झिजलेला असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तेव्हाच तो विचार.

आता पट्टी आणि रॉड. डीएचएसमध्ये एक जाड स्क्रू गोळ्यात बसवतात आणि तो मांडीच्या बाहेरून लावलेल्या पट्टीच्या नळीतून जातो. पट्टीचा कोन बहुतेकदा १३५ अंशांचा. पेशंट पायावर भार देतो तसा स्क्रू, दुर्बिणीच्या नळ्या एकात एक शिरतात तसा, नळीत सरकतो आणि मोडलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात. सगळी करामत त्या सरकण्यात आहे. पण सरकणं कुठेतरी थांबायला हवं. ते थांबवते ती मोठ्या उंचवट्याखालची हाडाची बाहेरची भिंत. ती भिंत शाबूत असेल तर डीएचएस उत्तम काम देतो. ती मोडली की स्क्रू सरकतच राहतो, खालचं हाड आत ढकललं जातं, पाय आखूड होतो आणि दुखायचा थांबत नाही.

पीएफएनमध्ये रॉड हाडाच्या पोकळीत असतो आणि त्यातून स्क्रू गोळ्यात जातो. बाहेरची भिंत नसली तरी सरकणारं हाड रॉडला टेकून थांबतं.

एक्स-रेमध्ये तीन गोष्टी विचारा: लहान उंचवटा वेगळा झालाय का, बाहेरची भिंत किती जाड उरलीय, आणि फ्रॅक्चरची रेघ नेहमीच्या दिशेने आहे की उलट. रेघ उलटी असेल, म्हणजे आतून खाली बाहेरच्या बाजूला उतरत असेल, तर डीएचएस नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

रेवती_मिरज
डॉक्टर, मनापासून आभार. पहिल्यांदा काहीतरी डोक्यात शिरलं. उद्या सकाळी राउंडला हेच तीन प्रश्न विचारते.

भोसरी_यंत्रवाला
मी मेकॅनिकल इंजिनिअर. डॉक्टर नाही, पण भार कसा जातो ते कळतं. शरीराचा भार गोळ्यावर येतो. पट्टी हाडाच्या बाहेरून लावलेली, म्हणजे भारापासून लांब. रॉड पोकळीत, म्हणजे भाराच्या जवळ. वाकवणारं बल अंतराच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे रॉडवर ताण कमीच येणार. मग पट्टी वापरायचीच कशाला? सरसकट रॉड टाका, विषय संपला.

अस्थितज्ज्ञ_वर्धा
@भोसरी_यंत्रवाला, गणित बरोबर आहे, पण पेशंटच्या चालण्यात तो फरक नेहमी दिसत नाही. गॅमा नेल (रॉडचाच एक प्रकार) आणि सरकता स्क्रू (म्हणजे डीएचएससारखा) यांची थेट तुलना करणारी एक मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, ८५० पेशंटची. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या जीवनमानात फरक आढळला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०११ सालच्या मार्गदर्शनात साध्या ट्रोकँटरिक फ्रॅक्चरसाठी सरकत्या स्क्रूलाच पसंती दिली होती. लहान उंचवट्याच्या खाली मोडलं असेल तर मात्र रॉड. सुरुवातीच्या गॅमा नेलमध्ये रॉडच्या खालच्या टोकाशी मांडीचं हाड नव्याने मोडण्याचे प्रकार व्हायचे. पुढे रॉडची रचना सुधारली तसे ते कमी झाले. आणि डीएचएस स्वस्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तो फरक मोठा असतो.

जोडकाम_सोलापूर
मी तालुक्याच्या ठिकाणी ऑर्थोपेडिक प्रॅक्टिस करतो. वर्ध्याच्या डॉक्टरांशी नव्वद टक्के सहमत, पण दहा टक्क्यांवर वाद घालतो.

साधं फ्रॅक्चर आहे असं एक्स-रेवर वाटतं आणि टेबलवर पाय ओढून धरल्यावर कळतं की ते तसं नाही. त्याहून वाईट म्हणजे डीएचएसचा स्क्रू बसवायला बाहेरच्या भिंतीत मोठं भोक पाडावं लागतं. भिंत आधीच पातळ असेल तर भोक पाडतानाच ती फुटते. २०१३ साली एका अभ्यासात त्यासाठी २०.५ मिलिमीटर हा आकडा आला: भिंत त्याहून पातळ असेल तर डीएचएस टाकताना ती फुटण्याचा धोका जास्त. २०१८च्या नव्या एओ वर्गीकरणानेही (फ्रॅक्चरचे प्रकार ठरवायची पद्धत) तो आकडा धरला. पण आपल्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांची हाडं ठिसूळ असतात, एक्स-रे अनेकदा तिरका निघालेला असतो, त्यावर मिलिमीटर मोजत बसायचं म्हणजे अवघडच.

म्हणून जिथे शंका आहे तिथे मी रॉड टाकतो. छेद लहान, रक्त कमी सांडतं, पेशंट लवकर उभा राहतो. दुसऱ्यांदा उघडावं लागलं तर कुठली पट्टी स्वस्त होती याला काही अर्थ राहत नाही.

अस्थितज्ज्ञ_वर्धा
@जोडकाम_सोलापूर, भिंतीबद्दल पूर्ण सहमत. 'शंका आहे तिथे' हे शब्द महत्त्वाचे. माझी तक्रार आहे ती शंका नसतानाही सरसकट रॉड टाकण्याबद्दल.

नलिनी_काकू
माझ्या सासऱ्यांच्या वेळी, आम्ही तेव्हा म्हापशाला होतो, ऑपरेशन नव्हतंच. पायाला वजन बांधून खाटेचं पायतळ विटांवर उचललेलं. दोन महिने त्यांनी आढ्याकडे बघत काढले. पाठीला जखमा झाल्या, त्यातच गेले. आज दुसऱ्या दिवशी उभं करतात हे वाचलं की वाटतं, तीस वर्षांनी जन्मले असते तर. रेवती, ऑपरेशन लवकर कर गं, पट्टी की रॉड यात अडकून पडू नकोस.

इतिहासवेडा
नलिनीकाकू, वाचून वाईट वाटलं.

थोडा इतिहास. मानेच्या फ्रॅक्चरला धातूचा खिळा मारून ते टिकवण्याचं श्रेय बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांना जातं. १९२५ साली त्यांनी तीन पात्यांचा खिळा वापरला आणि १९३१ साली त्याबद्दल लिहिलं. तीन पाती कशाला, तर गोळा खिळ्याभोवती फिरू नये म्हणून. पोकळीतला रॉड आणि गोळ्यातला खिळा यांची जोडी जर्मनीत क्युंट्शरने १९४० साली केली. त्याच साली अमेरिकेत मूर आणि बोलमन यांनी एका पेशंटच्या हाडातल्या गाठीसाठी मांडीच्या हाडाचं वरचं टोक काढून तिथे धातूचं टोक बसवलं. त्याच मूरच्या नावाचा 'ऑस्टिन मूर' गोळा आपल्या सरकारी हॉस्पिटलांत अजूनही दिसतो. म्हणजे खिळा, रॉड आणि गोळा या तिन्ही वाटा १९४०पर्यंत सापडलेल्या होत्या. नंतर सुधारलं ते पोलाद, क्ष-किरण यंत्रं, भूल आणि प्रतिजैविकं.

घाटवाट
माझी केस वेगळी आहे, तरुणांनी वाचावी. ताम्हिणीत बाईक घसरली, खुब्याची मान मोडली. वय तेव्हा पस्तिशीच्या आतलं. डॉक्टरांनी रातोरात तीन पोकळ स्क्रू टाकले, त्रिकोण उलटा करून, एक खाली आणि दोन वर. हाड जुळलं, मी पुन्हा किल्ले चढू लागलो. मग मांडीच्या सांध्यात दुखायला लागलं. एमआरआयमध्ये गोळा मरत असल्याचं निघालं आणि शेवटी पूर्ण खुबा बदलावा लागला.

सगळे विचारतात की आधीच गोळा का बदलला नाही. मी म्हणतो बरं झालं नाही बदलला. तरुण वयात बसवलेला कृत्रिम खुबा आयुष्यात पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते. स्वतःचा गोळा वाचवायची संधी मला मिळाली आणि त्या डॉक्टरांनी ती घेतली. निकाल मनासारखा लागला नाही, तरी त्यांचा निर्णय योग्यच होता असं मी आजही म्हणेन.

जोडकाम_सोलापूर
@घाटवाट, अगदी बरोबर लिहिलंत. तरुण माणसाची मान मोडली तर गोळा वाचवायचाच, आणि तेही उशीर न करता. किती धोका आहे हे मोडलेल्या रेघेच्या कोनावर अवलंबून असतं. पॉवेल्सने १९३५ साली तो कोन मांडला, आजही आम्ही तोच मोजतो. रेघ जितकी उभी, तितकं हाड घसरायला बघतं.

तीन स्क्रू की सरकता स्क्रू यावरही मोठी चाचणी झालीय, फेथ नावाची, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. ११०८ पेशंट, सगळे पन्नाशी ओलांडलेले. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच: सरकत्या स्क्रूत २० टक्के, तीन स्क्रूत २२. गोळा मरण्याचं प्रमाण मात्र सरकत्या स्क्रूत जास्त, ९ विरुद्ध ५ टक्के. उलट धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि मानेच्या अगदी बुडाशी मोडलेल्यांमध्ये सरकता स्क्रू सरस ठरला. तेव्हा अमुक एकच उपाय चांगला असं म्हणता येत नाही.

देशस्थ_लेस्टर
मी इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, ऑर्थो वॉर्डातच. इथे खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंद २००७पासून होते. २०१०पासून हॉस्पिटलला जास्तीचे पैसे मिळायचे असतील तर ३६ तासांत ऑपरेशन, ज्येष्ठांच्या डॉक्टरांकडून तपासणी, अशा अटी पाळाव्या लागतात. पट्टी की रॉड यावर आमच्याकडेही वाद आहेत, पण 'लवकर' या मुद्द्यावर वाद नाही. नाशिकला माझ्या मावशीचं ऑपरेशन लांबत गेलं. कारण काय, तर मुलगा पुण्याहून यायचा होता, मग अमावस्या होती. तोवर तिचं डोकं भ्रमिष्ट झालं, कुणाला ओळखेना. वाट बघण्याची किंमत म्हाताऱ्या माणसाला मोजावी लागते हो.

भूल_आणि_जाग
भूलतज्ज्ञ बोलतेय. अमावस्येसाठी थांबणं चूक. पण फिटनेसच्या नावाखाली जो वेळ जातो तोही तपासून बघा. वय ७८, मधुमेह, बीपी. अशा पेशंटला एकापाठोपाठ एक तपासण्या लिहिल्या जातात आणि दिवस जातात. साखर, सोडियम, रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे बघून बहुतेकदा पुढे जाता येतं. हृदयात नवा खरखराट ऐकू आला किंवा दम लागत असेल तर इको करायचाच, पण तो त्याच दिवशी व्हायला हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र पहिल्या तासातच सांगा. त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून न्या, 'हृदयाची गुलाबी गोळी' असं सांगू नका.

'हिप अटॅक' नावाची मोठी चाचणी २०२०ला आली, १७ देशांतले २९७० पेशंट, भारतातलेही. एका गटाला निदानापासून सुमारे ६ तासांत टेबलवर घेतलं, दुसऱ्याला सुमारे २४ तासांनी. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, ९ आणि १० टक्के. पण घाईच्या गटात भ्रम होणं कमी झालं आणि माणसं लवकर उभी राहिली. आपल्याकडे चार-पाच दिवस सहज जातात, तेव्हा २४ तासच गाठले तरी खूप झालं.

आणि ऑपरेशनआधीच्या वेदनेकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. जांघेजवळ एक इंजेक्शन देऊन मज्जातंतू बधिर करता येतात. बेडपॅन देतानाही पेशंट किंचाळत असेल तर तो ब्लॉक मागा.

पेठेतला_माधव
बरं एक सांगा, गोळ्यातही प्रकार असतात ना? आम्हाला तेव्हा सिमेंटचा की बिनसिमेंटचा असं विचारलं होतं आणि आम्ही काहीतरी सांगून टाकलं.

अस्थितज्ज्ञ_वर्धा
माधवराव, ज्येष्ठांच्या अर्ध्या गोळ्यासाठी आता पारडं सिमेंटकडे झुकलंय. २०२२ साली ब्रिटनमधल्या १२२५ पेशंटच्या चाचणीत सिमेंटवाल्यांचं जीवनमान चार महिन्यांनी बरं आढळलं, आणि बसवलेल्या गोळ्याभोवती हाड मोडण्याचं प्रमाण ०.५ टक्के, बिनसिमेंटमध्ये २.१. अर्धा की पूर्ण, यावर २०१९ची हेल्थ चाचणी आहे, १४९५ पेशंटची. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्यात फरक नाही, पूर्ण खुब्यात चालणं-फिरणं किंचित बरं. मी सांधा आधीच झिजलेला असेल किंवा माणूस बऱ्यापैकी हिंडता-फिरता असेल तरच पूर्णचा विचार करतो.

भूल_आणि_जाग
सिमेंट भरताना रक्तदाब झपकन खाली येऊ शकतो, तेवढं भान ठेवावं लागतं. तो क्षण आला की मी सर्जनना 'थांबा, मी तयार होते' असं सांगते. दोघांचं बोलणं झालेलं असलं की धोका बराच कमी होतो.

गोदाकाठ
आमच्या गावाकडे हाडवैद्य आहे, लेप लावतो, बांबूच्या पट्ट्या बांधतो. हात, मनगट बरेच जण बरे झालेत. खुब्याला चालेल का?

जोडकाम_सोलापूर
@गोदाकाठ, नाही चालणार. खुब्यावर इतके मोठे स्नायू आहेत की बाहेरून बांधलेली पट्टी त्यांची ओढ रोखूच शकत नाही. माझ्याकडे लेप लावून महिन्या-दोन महिन्यांनी आलेले पेशंट आहेत. तोवर पाय आखडून वर चढलेला असतो आणि जोडणं दुप्पट अवघड होतं. तुमच्या गावातल्यांना कळकळीने सांगा: पडल्यावर पाय आखूड दिसला किंवा बाहेर वळला तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, पायाखाली उशी द्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

सायली_दि
आमचे आजोबा रॉड पडल्यानंतर पहिल्यांदा विमानाने गेले तेव्हा तपासणीचं यंत्र वाजलं. ते सगळ्यांना सांगत सुटले, 'आता माझी किंमत वाढलीय, माझ्यात टायटॅनियम आहे.' तपासणारी मुलगीसुद्धा हसत होती.

फिजिओ_तन्वी
हा धागा डॉक्टरांचा झालाय, जरा आमचंही ऐका. पट्टी टाका, रॉड टाका, गोळा टाका, घरी आल्यावर फरक पडतो तो पहिल्या आठवड्यात. मी घरी जाते तेव्हा बहुतेक ठिकाणी पेशंट पलंगावर आणि घरचे भोवती बसलेले. 'अजून कच्चं आहे, चालवू नका' असं कुणीतरी पाहुण्याने सांगितलेलं असतं. सर्जनने भार द्यायला परवानगी दिली असेल तर उभं करा. पहिल्या वेळी असं करायचं: पलंगाच्या कडेला बसवा, दोन मिनिटं थांबा, चक्कर येते का विचारा. मग दोन्ही हात पलंगावर टेकून उठू द्या, वॉकर ओढून उठू देऊ नका, तो उलटतो. ऑपरेशनचा पाय किंचित पुढे ठेवा. उभं राहिल्यावर मान वर, जमिनीकडे बघायचं नाही. पायात बोटं झाकणारी, मागून पट्टा असलेली रबरी चप्पल, सपाता नको.

गोळा बदललेल्यांसाठी नियम वेगळे आहेत. खाली मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं टाळायचं, नाहीतर गोळा निसटू शकतो. म्हणजे आपल्या पद्धतीचा संडास आणि पाटावरची पूजा दोन्ही बंद. रॉड किंवा पट्टीवाल्यांना हाड जुळल्यावर हळूहळू खाली बसता येतं. हा फरक कुणी आधी सांगत नाही आणि नंतर आजी रडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नलिनी_काकू
तन्वी, हे फार मोलाचं सांगितलंस. पूजेचं तर खरंच कुणाच्या डोक्यात येत नाही.

वऱ्हाडातून
खर्चाचं थोडं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हाडांची बरीच ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, अॅडमिट होतानाच त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आमच्या काकांचं ऑपरेशन आधी झालं आणि कागदपत्रं नंतर काढायला गेलो, तोवर वेळ निघून गेली होती.

रेवती_मिरज
सगळ्यांचे आभार, आता घडलेलं सांगते.

सकाळी राउंडला तिन्ही प्रश्न विचारले. डॉक्टर आधी जरा चमकले, मग खुर्ची ओढून बसले आणि एक्स-रे उजेडावर धरून समजावला. लहान उंचवटा वेगळा झालाय, बाहेरची भिंत त्यांच्या मते पातळ आहे. पाय ओढून पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा ते स्वतःच म्हणाले, 'इथे रॉडच बरा.' रात्री साध्या एक्स-रेवर त्यांना फ्रॅक्चर साधं वाटलं होतं. म्हणजे दोन डॉक्टर भांडत नव्हते, त्याच साध्या एक्स-रेवरून दोघांचे अंदाज वेगळे निघाले होते! घरातले तीनही पक्ष गप्प झाले.

काल कंबरेत सुई देऊन ऑपरेशन झालं. आज सकाळी आत्या वॉकर धरून उभी राहिली, तीन पावलं टाकली आणि म्हणाली, 'मला न्हाणीघरापर्यंत नेऊ नका, तिथे माझं जमत नाही.' ऑपरेशननंतरचा एक्स-रे मिळालाय. त्यात काय बघायचं? आणि रॉडमध्ये दोन स्क्रू दिसताहेत, चालेल ना?

अस्थितज्ज्ञ_वर्धा
वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या डॉक्टरांचंही कौतुक, पाय ओढून एक्स-रे काढणं आणि मग मत बदलणं सगळे करत नाहीत.

दोन स्क्रूंचा पीएफएन आपल्याकडे सर्रास वापरतात, चालतो. त्यात एक स्क्रू आत आणि दुसरा बाहेर सरकण्याचा प्रकार कधीकधी होतो, म्हणून पुढचे एक्स-रे चुकवू नका. एकच जाड पातं असलेला पीएफएनए हा त्याचा पुढचा अवतार, २००४च्या सुमारास आला.

एक्स-रेमध्ये स्क्रूचं टोक बघा. समोरून आणि बाजूने अशा दोन्ही फोटोंत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचं अंतर मोजून बेरीज करायची, एक्स-रेतली वाढ वजा करून. बॉमगार्टनरने १९९५ साली दाखवलं की ही बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू गोळा फोडून बाहेर येण्याचा धोका फार कमी. तेव्हाची मोजणी एकाच स्क्रूची होती, दोन स्क्रू असतील तर सर्जनच नीट सांगतील. मला विचाराल तर रॉड की पट्टी या वादापेक्षा हे अंतर आणि हाड सरळ बसलंय की आत झुकलंय, या दोन गोष्टींवर जास्त ऑपरेशनं तरतात किंवा फसतात.

जोडकाम_सोलापूर
सहमत. कुठलंही यंत्र वाकड्या जोडलेल्या हाडाला वाचवत नाही. टेबलवर सी-आर्ममध्ये (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) हाड सरळ दिसेपर्यंत मी स्क्रूला हात लावत नाही, मग ओटीतली माणसं कितीही कंटाळू देत.

फिजिओ_तन्वी
आत्यांना सांगा, न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवा, खाली रबरी चटई टाका, आणि बसायला उंच स्टूल द्या. मग तिथेही जमेल.

भूल_आणि_जाग
रेवती, अजून एक. हाड ज्या घसरणीत मोडलं ती साधी होती. म्हणजे हाडं ठिसूळ आहेत आणि दुसरा खुबा शिल्लक आहे. अस्थिसौषिर्याचं औषध सुरू करायला सांगा. २००७ साली २१२७ पेशंटच्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत वर्षातून एकदा झोलेड्रोनिक आम्लाचं सलाईन दिल्यावर नवीन फ्रॅक्चर कमी झाली आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी घटले. आधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायची, मधुमेह असल्याने ती तर हवीच.

रेवती_मिरज
हे कुणीच बोललं नव्हतं! डिस्चार्जच्या आधी विचारते. शेवटचा प्रश्न: हाड जुळल्यावर तो रॉड काढावा लागतो का? आत्याचा आत्ताच तोच घोषा चाललाय.

अस्थितज्ज्ञ_वर्धा
नाही. या वयात तो आयुष्यभर आत राहतो. स्क्रू काढले की गोळ्यात आणि मानेत पोकळ जागा राहते, तिथून मान मोडल्याची उदाहरणं आहेत. स्क्रूचं टोक बाहेरून टोचत असेल, जंतुसंसर्ग झाला किंवा हाडच जुळलं नाही, तरच काढायचा विचार. आत्यांना सांगा, तो त्यांचाच झाला आता. पुढचा एक्स-रे साधारण सहा आठवड्यांनी काढा आणि तो इथे टाका, सोलापूरकर आणि मी दोघं बघू.